आईएवढं झाड

नाताळ जवळ आला की लोक सजतात आणि सजावटवाली झिजते. नोव्हेंबरच्या मध्यापासून ती झाडं सजवत होती. बँकेतलं झाड, दोन हॉटेलांतली, दातांच्या दवाखान्यातलं, मोटारींच्या शोरूममधलं. शोरूमच्या मालकाला झाड गाडीपेक्षा उंच नको होतं, नाहीतर गिऱ्हाईक झाडाकडेच बघत बसतं म्हणे. विसाव्या तारखेपर्यंत चौतीस झाडं झाली होती. बोटांची टोकं तारेने सोलवटली होती, गुडघे शिडीवरून उतरताना कुरकुरत होते आणि चमकी कुठे नव्हती ते विचारा. कानात होती, चहात होती, उशीवर होती. एकदा आईच्या सूपमध्ये निघाली, तेव्हा आई म्हणाली की आता पोटातही रोषणाई झाली.

पस्तिसावं झाड घरचं होतं. दरवर्षी ते राहूनच जायचं. सजावटवालीच्या घरी झाड नाही यावर इमारतीतले लोक हसायचे आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची, कारण रडायला वेळ कुणाला होता! यंदा मात्र ते राहून चालणार नव्हतं.

त्याचं असं झालं. आई उन्हाळ्यात न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पायांना पुन्हा उभं राहायचं काही सुचेना. आतल्या खोलीत पलंग, पलंगाशेजारी चाकांची खुर्ची, आणि पलंगावरून उघड्या दारातून दिसेल तेवढी बाहेरची खोली, एवढंच तिचं जग उरलं होतं. दिवसा शेजारची बाई दोनदा डोकावून जायची. बाकी सगळं लेकीवर होतं, आणि लेक डिसेंबरभर शिडीवर होती.

दुसऱ्या शहरात राहणारा धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवतो. त्याला साधं 'कशी आहेस' विचारायचं असलं तरी तो मुद्द्यांनी विचारतो. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. मुद्दा पहिला, आई दिवसातले नऊ तास एकटी असते. मुद्दा दुसरा, त्याच्याकडे तळमजल्यावर खोली आहे आणि बायको घरीच असते. मुद्दा तिसरा, तो नाताळच्या दिवशी गाडी घेऊन येतोय, आईची तयारी असली तर दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच जाईल. सजावटवालीने फोन आईच्या कानाला लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि नाताळच्या दिवशी सांगते म्हणाली.

धाकट्याच्या तिसऱ्या मुद्द्यावर सजावटवालीला काय वाटलं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. फार नाही, एखादा श्वास घ्यावा एवढंच. रात्री उठून आईला कूस बदलायला लावायची नाही, सकाळी कामाला निघताना दारात उभं राहून औषधांची उजळणी करायची नाही, असं झर्रकन मनात येऊन गेलं. आणि मग तिची तिलाच इतकी लाज वाटली की त्या रात्री तिने आईचे पाय अर्धा तास जास्त चेपले. आई जायला नकोच होती. पंचवीस वर्षं दोघी एकत्र राहिल्या होत्या. आईवाचून त्या घरात तिला कुणी जेवलीस का विचारणारंसुद्धा नव्हतं. तेव्हा तिने ठरवलं की यंदा घरी असं झाड करायचं की आईने बघावं आणि धाकट्याला म्हणावं, बाबा रे, मी इथेच बरी आहे.

आता आई पटकन 'छान' म्हणणाऱ्यांपैकी नव्हती, ही यातली खरी अडचण. तिने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. कुणी कसलाही झगा, कोट पुढे करून कसा आहे विचारलं की आई आधी तो उलटा करायची. उलट बाजूला लोंबणारे दोरे, गाठी, वाकडी शिवण बघायची आणि मग तोंड उघडायची. सजावटवालीने नवव्या वर्षी स्वतःच्या हाताने पहिला फ्रॉक शिवला, तेव्हाही आईने तो उलटा केला, काही न बोलता सगळा उसवला आणि पुन्हा तिच्या हातात दिला. पोरगी भोकाड पसरून रडली. आतून कोण बघतंय, असं तिचं म्हणणं होतं. आई म्हणाली होती, "बघत कुणी नाही गं. पण आतली बाजूच अंगाला लागते."

झाडाचं कळल्यावर आईने एकच मागणी केली. झाड तिच्याएवढं हवं. सहा महिने आडवी आहे, उभी असताना आपण केवढ्या दिसायचो तेच विसरायला झालंय, म्हणाली. आईचं डोकं सजावटवालीच्या भुवईला लागायचं. माप सोपं होतं.

एकविसाव्या तारखेला, रविवारी सकाळी, ती झाडवाल्याच्या मैदानावर गेली. झाडवाला तिचा वर्षानुवर्षांचा ओळखीचा. त्याच्याकडे तिच्यासाठी एक रांगच वेगळी काढलेली असायची. कुंपणाला चिकटून वाढलेली झाडं ती. एका बाजूने भरगच्च, दुसऱ्या बाजूने बोडकी. घरचं गिऱ्हाईक असल्या झाडाकडे ढुंकूनही बघत नाही. दुकानात मात्र तीच बरी पडतात, कारण तिथे झाड भिंतीला पाठ लावून उभं राहतं, जागाही कमी खातं आणि सजावटीच्या अर्ध्याच गोळ्यांत काम भागतं. ती सवयीने त्या रांगेत शिरली. एकेक झाडाजवळ उभी राहून भुवईपाशी हात आडवा धरून बघू लागली. हे आईपेक्षा उंच. हे बुटकं. पाचवं झाड बरोबर भुवईला लागलं आणि त्याची पुढची बाजू अशी भरलेली होती की बघत राहावं. फांदी नाकाशी धरली तर वासही ताजा होता.

झाडवाल्याने विचारलं की कुठल्या दुकानाचं. ती म्हणाली, घरचं. झाडवाला जरा घुटमळला. घरासाठी पलीकडच्या रांगेतलं बघा की ताई, म्हणाला, ही तर तुमची कामाची झाडं. तिने ऐकलं, पण ते कानावरून गेलं. तिच्या डोळ्यांवर झोप होती आणि डोक्यात भुवई. माप जुळलं होतं, तेवढ्यात ती खूश होती. झाडवाल्याने खांदे उडवले आणि झाड दोरीने आवळून दिलं.

घरी आल्यावर तिने बादलीत वाळू भरली, झाड त्यात रोवलं आणि बाहेरच्या खोलीत, आईच्या खोलीच्या दाराला लागून उभं केलं. पलंगावरून नजर टाकली की समोर झाड, असा तिचा हिशोब होता. मग पक्कड, तारेचं भेंडोळं, गोळ्यांचे खोके असा सगळा संसार मांडून ती कामाला लागली.

दुकानातलं झाड कसं सजवतात ते सांगायला हवं. गोळा नुसता अडकवून चालत नाही, येणारे-जाणारे काढून नेतात. म्हणून प्रत्येक गोळा तारेने फांदीला बांधायचा, तारेला मागच्या बाजूने तीन पीळ द्यायचे आणि टोकं पकडीने आत वळवायची, कुणाच्या हाताला ओरखडा येऊ नये म्हणून. आणि काम झालं की एकदा बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं. गिऱ्हाइकाला पहिल्या नजरेत झाड कसं दिसेल ते बघायचं. पहिल्या नजरेत जिंकलं म्हणजे झालं.

तिचे हात हे सगळं तिला न विचारताच करत होते. ती अधूनमधून आतल्या खोलीकडे तोंड करून बोलत होती, पण खरं सांगायचं तर काय बोलली ते तिला आठवणार नव्हतं. दुपारी दोन वाजता हात भरून आले. चारला डोळ्यांपुढे लाल गोळे आणि सोनेरी गोळे यांत फरक दिसेना. शेवटी शेंड्यावर चांदणी बसवली, दिवे लावले, आणि ती घराबाहेर जाऊन दार लावून पुन्हा आत आली. झाड दाराकडे तोंड करून झळकत होतं. वर्षातलं सगळ्यात देखणं झाड होतं ते, यात शंका नाही.

आतून आईने विचारलं, झालं का? झालं, लेक म्हणाली. कसं दिसतंय, असं तिने विचारलं. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरीच मेहनत घेतलीस गं."

थांबण्याकडे लक्ष जायला डोकं जागेवर असावं लागतं. सजावटवाली बाहेरच्या सोफ्यावर बसली आणि बसल्या बसल्याच झोपली.

पुढचे तीन दिवस दुरुस्तीचे. हॉटेलातलं झाड कलंडलं, बँकेतले दिवे गेले, शोरूमवाल्याला चांदणी लहान वाटू लागली. ती सकाळी अर्ध्या झोपेत आईचं आवरून निघायची आणि अंधार पडता पडता यायची. दार उघडलं की समोर झाड झळकायचं आणि तिच्या मनात यायचं, चला, एक काम तरी नीट झालं.

धाकटा नाताळच्या दिवशी अकराला आला. दारातच थबकला, वा म्हणाला, झाडाला एक चक्कर मारावी म्हणून वळला आणि चक्कर अर्धीच राहिली. मग आत जाऊन आईच्या पलंगावर बसला. आईचा हात हातात घेऊन त्याने दारातून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. सजावटवाली स्वयंपाकघरात कप मांडत होती.

"ताई," त्याने हाक मारली, "जरा इकडे ये. इथे बस, माझ्या जागेवर."

ती हात पुसत आली आणि बसली. आणि तिला तिचं झाड दिसलं.

पलंगावरून झाडाची पाठ दिसत होती. बोडकी, तपकिरी, वाळक्या काड्यांची पाठ. तिच्यावर एकही गोळा नव्हता, एकही झिरमिळी नव्हती. दिव्यांच्या माळेची हिरवी वायर तेवढी लोंबत होती, बुंध्याला झाडवाल्याची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती, आणि फांदीफांदीला तारेचे पीळ होते. चार दिवस आई हेच बघत होती. दाराच्या चौकटीत, तिच्याएवढं झाड, तिच्याकडे पाठ करून उभं.

चौतीस झाडं परक्यांसाठी सजवली आणि पस्तिसावंही सजावटवालीने दारातून येणाऱ्या परक्यासाठीच सजवलं. दारातून घरी परतणारी तर ती एकटीच होती! ती तिरमिरीत उठली आणि बादली धरून ओढू लागली. वाळूने भरलेली बादली हलेना. धाकटा मदतीला उठला. मुद्दे मांडायला यापेक्षा सोपी वेळ त्याला जन्मात मिळाली नसती. तरी त्याने एकही मांडला नाही, हे त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

"राहू दे," आई म्हणाली. "बसा दोघं. मी बघितलंय ते झाड. नीट बघितलंय."

तिने उशीला टेकून मान जरा वर केली आणि बोट दाखवून सांगू लागली, गिऱ्हाइकाला कोटातली शिवण दाखवावी तसं. खालच्या फांद्या बघा. तीन-तीन पीळ, टोकं आत वळवलेली, हात फिरवला तरी लागणार नाहीत. असं काम कुणी शिकवून येत नाही, अंगात असावं लागतं. मधल्या फांद्यांवर दोनच पीळ. टोकं वळवलीत, पण घाईत. वरच्या फांद्यांवर एकेक पीळ, टोकं उघडी. तिथे तुझ्या हातातला जोर संपला होता.

मग तिचं बोट शेंड्याच्या जरा खाली थांबलं.

"आणि ती बघ. तिथे तू नुसतीच तार बांधली आहेस. गोळा लावायलाच विसरलीस."

सजावटवालीने बघितलं. खरंच, एका फांदीला तार गुंडाळलेली होती, तिला पीळ दिलेला होता, आणि तिच्यात काहीच नव्हतं. पुढून ते कळायची सोय नव्हती.

"चार दिवस मी त्या रिकाम्या तारेकडे बघतेय," आई म्हणाली. "तू रोज येतेस, हसतेस, सगळं छान चाललंय म्हणतेस. मी म्हटलं, असेल. पण हे बघितलं आणि कळलं मला, तू किती थकली आहेस ते. मी जाते धाकट्याकडे. थंडी सरेपर्यंत जाते. तू आधी झोप."

सजावटवालीला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग रडू आलं. डिसेंबरच्या सुरुवातीला फोनवर सुटल्यासारखं वाटलं, तेव्हा मागोमाग लाज आली होती. या वेळी लाज वाटायलासुद्धा त्राण नव्हतं. ती आईच्या पांघरुणात तोंड खुपसून रडली. ती म्हणाली की तिने हे झाड आईला ठेवून घ्यायला केलं होतं. आई म्हणाली, ते कळलं, म्हणून तर खालच्या फांद्या अशा झाल्यात. धाकटा खिडकीबाहेर बघत उभा होता. त्याने एवढंच सांगितलं की दर पंधरा दिवसांनी तो ताईला न्यायला गाडी पाठवील, आणि यात मुद्दा दुसरा वगैरे काही नाही.

जेवण झालं. आईला खुर्चीत बसवलं, आणि आईने फर्मान काढलं की आता पलंग रिकामा आहे, लेकीने त्यावर आडवं व्हायचं. सजावटवाली नको नको म्हणत आडवी झाली. उशीला आईच्या तेलाचा वास होता. पुढचं तिला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा पडला होता. घरात कुणी बोलत नव्हतं. फक्त बारीक, कट्ट असा आवाज येत होता, मग जरा थांबून पुन्हा कट्ट. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने डोळे किलकिले केले.

आईची खुर्ची झाडाला भिडवलेली होती. आईच्या हातात तिची पक्कड होती. पाय गेले होते, पण बोटं चाळीस वर्षं सुईवर वाकलेली, त्यांना अजून काही झालं नव्हतं. धाकटा फांदी वाकवून आईच्या हाताशी आणत होता, आई तारेला राहिलेले पीळ देत होती, टोक आत वळवत होती, आणि मानेने पुढची फांदी सांगत होती. धाकट्याच्या मनगटावर दोन लाल ओरखडे उठले होते. एकदा त्याने पक्कड मागितली, भराभर करून टाकतो म्हणाला. आईने दिली नाही. गणिताच्या मास्तरांच्या हाताची शिवण तिला ठाऊक होती.

सजावटवाली हलली नाही. आपण उठलो तर काम थांबेल, एवढं तिला कळत होतं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मधल्या फांद्या झाल्या. वरच्या सुरू झाल्या. आवाजावरून तिला प्रत्येक तार कळत होती. कुठे एक पीळ होता आणि आई आता दुसरा देतेय, कुठे टोक उलटं वळलं होतं आणि आई ते सोडवून पुन्हा वळवतेय. चौतीस झाडांत तिच्या मागे राहिलेलं काम कुणी असं पुरं केलं नव्हतं.

मग आवाज थांबला. धाकट्याने कुजबुजत विचारलं, "हिचं काय करू? ही रिकामी. काढून टाकू?"

"नको," आई तितक्याच हळू म्हणाली. "ती तिची ती लावील. झोपू दे आता तिला."

सजावटवालीने डोळे उघडले नाहीत. बाहेरच्या खोलीत खुर्चीची चाकं कुरकुरली, कुणीतरी झाडाचे दिवे लावले असावेत, कारण मिटल्या पापण्यांवर लालसर उजेड आला. मग कुणीतरी येऊन तिच्या पायांवर पांघरूण घातलं. आई उद्या सकाळी नऊला निघणार होती. त्याआधी उठून एक गोळा लावायचा होता, तीन पीळ द्यायचे होते आणि टोकं आत वळवायची होती. सोनेरी लावावा की लाल, एवढं ठरवता ठरवता तिला पुन्हा झोप लागली.